विद्यापीठातलं संशोधन, झूमवरचे गुंतवणूकदार आणि ‘वुई विल स्टे इन टच’

बीकरवाली | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज पोटापाण्याचं विचारायला आले आहे. एका विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये काम करते. कुठलं ते विचारू नका, नोकरी हवी आहे. प्रयोगशाळेतून निघालेल्या कल्पनांच्या कंपन्या व्हाव्यात, त्यांना पैसे लावणारी आणि धंदा कळणारी माणसं भेटावीत, हे माझं काम.

२०२० च्या आधी आम्ही मुलांना रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबईला न्यायचो. पहाटे उतरायचं, चहा-वडापाव, मग कुठल्याशा हॉटेलच्या हॉलमध्ये पाच मिनिटं बोलायचं आणि संध्याकाळी परत. करोनात सगळं झूमवर आलं आणि तिथेच राहिलं. खर्च वाचला, बसच्या डिकीत प्रोटोटाइप फुटायचे थांबले. पण हाती काय लागतं?

गेल्या गुरुवारचंच सांगते. अकरा चमू, प्रत्येकी सात मिनिटं. कुलगुरूंचं उद्घाटन वीस मिनिटं (ठरलं होतं पाच). नोंदणी भरपूर, प्रत्यक्षात निम्मेही आले नाहीत, आणि शेवटच्या चमूपर्यंत जे उरले त्यांतले बरेचसे आमच्याच स्टाफचे. गुंतवणूकदारांच्या काळ्या चौकोनांकडे बघत एका सरांनी पहिली दोन मिनिटं म्यूटवर भाषण केलं. शेवटी तेच: ‘ग्रेट वर्क, वुई विल स्टे इन टच.’ चार दिवस झाले, टच नाही.

एकच प्रसंग वेगळा होता. रंगाई कारखान्याचं सांडपाणी गाळणारी मेम्ब्रेन आमच्या एका पीएचडीच्या मुलाने केली आहे. स्लाइड उघडेना, म्हणून त्याने सरळ टेबलावरचे दोन बीकर उचलून कॅमेऱ्यासमोर धरले. निळं पाणी पडद्यावर काळंच दिसत होतं. पठ्ठ्याने अंगातला पांढरा अ‍ॅप्रन काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बीकर त्याच्यापुढे धरले. मग दिसलं: एकात गडद निळं, दुसऱ्यात नळाच्या पाण्यासारखं. त्या क्षणी चॅटमध्ये दिवसभरातला एकमेव खरा प्रश्न आला, ‘मेंब्रेन किती दिवस टिकते?’ विचारणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं ‘गॅलक्सी ए५१’.

तर प्रश्न असा. हे ऑनलाइन मेळावे बंद करून परत हॉटेलचा हॉल धरावा, की आमचंच काही चुकतंय? दोन्ही बाजूंच्या लोकांनी लिहा. कान टोचलेत तरी चालतील.

सांजवात | सोमवार, रात्री ११:०५

वाचतेय. आमच्याकडेही हेच, फक्त उद्घाटन चाळीस मिनिटं.

मुळामुठा | सोमवार, रात्री ११:३८

मी त्या काळ्या चौकोनांपैकी एक आहे. तुमच्याच कार्यक्रमात नसेन, पण अशा बऱ्याच कार्यक्रमांत कॅमेरा बंद ठेवून मगरपट्ट्याच्या सिग्नलला उभा असतो. आयटीतून बाहेर पडल्यावर पाच-दहा लाखांच्या छोट्या रकमा लावतो, त्यामुळे माझ्या मताला तेवढीच किंमत द्या.

ऑनलाइन पिच (गुंतवणूकदारांपुढचं छोटं सादरीकरण) ऐकून कुणी पैसे देत नाही. हॉटेलातही देत नव्हतेच, तिथे फक्त जेवण असल्यामुळे वाईट वाटायचं नाही. सात मिनिटांत मी एकच ठरवतो, या माणसाशी पुन्हा अर्धा तास बोलायचं की नाही. आणि विद्यापीठाचा चमू त्यातली सहा मिनिटं रासायनिक अभिक्रियेवर घालवतो. मला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. पेटंट कुणाच्या नावावर आहे? कंपनीत विद्यापीठाचा आणि सरांचा वाटा किती? नोकरी-पीएचडी सोडून हे पूर्णवेळ करणारा माणूस कोण? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा शांतता असते.

दुसरं, वेळ. आयडियाफोर्ज, ड्रोन बनवणारी कंपनी, हे आयआयटी मुंबईच्या ‘साइन’ या इन्क्युबेटरमधून वर आलेलं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनी २००७ ची, शेअर बाजारात आली २०२३ मध्ये. म्हणजे सोळा वर्षं. (६७२ चा शेअर पहिल्या दिवशी १३०० ला उघडला आणि पुढे बराच खाली आला, ते दुःख वेगळ्या धाग्यावर.) फंडवाल्यांनी स्वतः दुसऱ्यांकडून साधारण दहा वर्षांच्या बोलीने पैसे घेतलेले असतात. सोळा वर्षं थांबणारा माणूस तुमच्या झूमवर मुळात कमी. त्याला शोधून बोलवावं लागतं. पोस्टर बघून तो येत नाही.

दाखल_दिनांक | मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, बीकरचा प्रसंग वाचून काळजात धस्स झालं. मी पेटंटचं काम करतो, ठाण्याला. पहिला प्रश्न: अर्ज दाखल केला होता ना? आणि त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलंत का?

बाहेर काय घडतं ते सांगतो. मुलगा उत्साहात मेम्ब्रेनवर कोणता थर कोणत्या तापमानाला दिला हे सांगून टाकतो. दर्शक खुले, कुणी काही सही केलेली नाही. तिथेच नावीन्य संपलं, आणि नावीन्य नाही तर पेटंट नाही. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटनानंतर अर्ज करायला एक वर्षाची सवलत आहे. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३१ खाली बारा महिने मिळतात, पण ते केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी. तुमची झूम मीटिंग त्यात बसवायला जाऊ नका. युरोपात तर विचारूच नका.

उपाय स्वस्त आहे. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज ऑनलाइन दाखल करायची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा शिक्षणसंस्थेला १६०० रुपये. त्यानंतर पूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला बारा महिने. तुमच्या त्या अकरा चमूंच्या हॉटेल जेवणापेक्षा कमीच. आणि मंचावर ‘काय होतं’ ते दाखवावं, ‘कसं होतं’ ते नाही. बीकर दाखवणं उत्तम, भट्टीचं तापमान नको. गुंतवणूकदार गोपनीयतेच्या करारावर सही करत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडून ती अपेक्षा धरू नका.

बीकरवाली | मंगळवार, सकाळी ९:५०

@दाखल_दिनांक, मेम्ब्रेनचा अर्ज गेल्या वर्षीच दाखल आहे, विद्यापीठाच्या नावाने. हुश्श. पण उरलेल्या दहांपैकी तिघांचा नाही. रेकॉर्डिंग यूट्यूबवर होतं. आत्ता उतरवलं. चौदा व्ह्यूज होते, त्यातले सहा माझेच असावेत. तरी धस्स झालं ते झालंच.

@मुळामुठा, सिग्नलवाली कबुली आवडली :)

डोंबिवली_ते_बॉस्टन | मंगळवार, सकाळी १०:३०

इकडे रात्र आहे, थोडक्यात लिहितो. (थोडक्यात जमत नाही हे जुन्या सभासदांना माहीत आहे.)

ऑनलाइनबद्दल इकडे आता कुणी वाद घालत नाही. वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअप घडवणाऱ्या संस्थेने मार्च २०२० मध्ये डेमो डे (गुंतवणूकदारांपुढे कंपन्या मांडायचा दिवस) पूर्ण ऑनलाइन केला आणि जग बुडालं नाही. पण ते प्रस्थापित दुकान आहे, गुंतवणूकदार तिथे रांग लावतात. विद्यापीठांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो नॅशनल सायन्स फाउंडेशन या इथल्या सरकारी संशोधन-अनुदान संस्थेचा आय-कोर कार्यक्रम, २०११ पासून चालू. त्यात संशोधकाला पिच शिकवण्याआधी संभाव्य ग्राहकांच्या शंभर मुलाखती घ्यायला लावतात. शंभर! माझ्या लॅबमधली मुलगी, जन्मात कुणाला फोन न करणारी, तिने सात आठवड्यांत त्या केल्या. बऱ्याचशा व्हिडिओ कॉलवर. त्यातून कळलं की तिचा सेन्सर ज्या डॉक्टरांसाठी होता त्यांना तो नकोच होता, हवा होता तो लॅबच्या तंत्रज्ञांना. हे गुंतवणूकदारापुढे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

दुसरी गंमत कायद्याची. इकडे खाजगी कंपनीने चारचौघांत ‘पैसे गोळा करतोय’ म्हणणं ही जाहिरात धरली जाते. डेमो डे त्यात अडकत होते. म्हणून इथल्या एसईसीने (आपल्या सेबीसारखी संस्था) नियम १४८ आणला, २०२१ मध्ये लागू झाला. विद्यापीठ, सरकारी संस्था, इन्क्युबेटर, एंजल गट (सुरुवातीला स्वतःचे पैसे लावणाऱ्यांचे गट) वगैरेंनी भरवलेल्या, एकाहून जास्त कंपन्या असलेल्या कार्यक्रमाला सूट. आणि ऑनलाइन असेल तर दार सताड उघडं ठेवायचं नाही. आयोजक संस्थेशी संबंधित माणसं, पात्र गुंतवणूकदार, किंवा त्या उद्योगातल्या वा गुंतवणुकीतल्या अनुभवावरून आयोजकांनी मुद्दाम बोलावलेली माणसं, एवढीच. मला वाटतं कायद्याचं राहू द्या, पण कार्यक्रम म्हणूनही ही यादी शहाणपणाची आहे.

कलम_बेचाळीस | मंगळवार, दुपारी १:२०

माझ्या आयडीचा उपयोग होण्याची वेळ आली एकदाची.

आपल्याकडे कंपनी कायद्याचं कलम ४२. शेअरचं खाजगी वाटप फक्त आधी ठरवलेल्या, नावानिशी माणसांना, आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना (मोठ्या संस्थात्मक खरेदीदारांना आणि कर्मचाऱ्यांच्या शेअर योजनेला त्यातून वगळलं आहे). आणि त्या विक्रीची जनतेला माहिती देणारी जाहिरात करायची नाही. आता आठवा, कार्यक्रमाच्या पोस्टरवर चमूच्या फोटोखाली ‘दोन कोटी उभारत आहोत, दहा टक्के हिस्सा’ असं लिहून लिंक्डइनवर टाकणारे किती पाहिलेत? मी दर महिन्याला पाहतो. तंत्रज्ञान दाखवा, प्रश्न दाखवा. हिश्शाची बोलणी नंतर, नावानिशी, बंद खोलीत.

आणि हो, एंजल टॅक्स (वाजवी किमतीपेक्षा महाग शेअर विकल्यास कंपनीला वरच्या रकमेवर लागणारा कर) २०२४ च्या जुलैच्या अर्थसंकल्पात गेला. अजूनही काही सर मंडळी त्याचं कारण सांगून कंपनी काढायचं टाळतात, म्हणून लिहिलं.

निवृत्त_खडू | मंगळवार, सायंकाळी ५:४५

मी चौतीस वर्षं विद्यापीठात शिकवलं. माझं मत कुणाला आवडणार नाही.

हे सगळं विद्यार्थ्याच्या जिवावर चाललं आहे. पेटंट विद्यापीठाचं, फोटो कुलगुरूंचा, शोधनिबंधात पहिलं नाव सरांचं आणि कॅमेऱ्यासमोर बीकर धरणार कोण, तर फेलोशिप चार महिने थकलेला मुलगा. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणात संस्थेला कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेता येईल असं स्वच्छ लिहिलं आहे, अध्यापकांनाही कंपनीत सहभागी होता येतं. पण किती विद्यापीठांनी ते आपल्या नियमावलीत उतरवलं? जिथे उतरवलं तिथे विद्यार्थ्याचा हिस्सा कोण ठरवतो? ते आधी कागदावर आणा, मग गुंतवणूकदार बोलवा.

करणारे करतात, हेही सांगतो. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) अंगणात व्हेंचर सेंटर हा इन्क्युबेटर २००७ पासून उभा आहे. तिथे लॅब भाड्याने मिळते, पेटंटवाला माणूस बसलेला असतो, आणि वर्षभर कुणीतरी कुणालातरी भेटत असतं. मेळावा हा त्या रोजच्या कामाचा एक दिवस झाला. तुमच्याकडे मेळावा हेच काम झालंय.

बीकरवाली | मंगळवार, रात्री ९:३०

सर, शेवटचं वाक्य लागलं. खरं आहे म्हणून लागलं.

परभणीची_लेक | मंगळवार, रात्री ११:१०

ताई, ऑनलाइन बंद करू नका हो. मी मराठवाड्यातल्या मुलीच्या बाजूने बोलते. माझं काम कडधान्याच्या बियाण्यावर लावायच्या जिवाणू लेपाचं. हॉटेलच्या हॉलपर्यंत पोचायला आम्हाला एक रात्र जायला, एक रात्र यायला, आणि लेप थंड ठेवायचा तो वेगळाच. दापोली, राहुरी, अकोला, परभणी, चारही कृषी विद्यापीठांतल्या मुलांची हीच कथा. झूम नसतं तर मला कुणी विचारलंही नसतं.

पण माझा अनुभव उलटा आहे. पहिला पैसा गुंतवणूकदाराचा आला नाही, बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या ‘बिग’ अनुदानाचा आला. पन्नास लाखांपर्यंत मिळतात, अठरा महिन्यांसाठी, आणि कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही. इन्क्युबेटरमार्फत स्टार्टअप इंडियाचा सीड फंडही होता, प्रोटोटाइपला वीस लाखांपर्यंत. ते वापरून शेतावर दोन हंगाम काढले, आकडे हातात आले, तेव्हा कुठे झूमवरचे काळे चौकोन उजळले.

आणि भाषा! पहिल्या पिचला मी इंग्रजीत अडखळले. लाइटही गेली, मोबाइलच्या नेटवर परत आले तर वेळ संपलेली. पुढच्या वेळी एका खतकंपनीचे साहेब म्हणाले, ‘मराठीत बोला की, मी लातूरचाच आहे.’ ठरलेल्या सात मिनिटांचे पंचवीस झाले.

चिमूटभर_हिंग | बुधवार, सकाळी ७:२५

सरकारने एक लाख कोटींचा संशोधन-विकास निधी काढलाय ना? मग अडचण काय आहे? :P

मुळामुठा | बुधवार, सकाळी ८:०२

@चिमूटभर_हिंग, तो पैसा दुसऱ्या पातळीवरच्या फंड व्यवस्थापकांकडून खाली येणार, आणि तंत्रज्ञान सिद्धतेच्या नऊ पायऱ्यांपैकी चौथी आणि तिच्या पुढच्यांसाठी. बीकर तिसरीवर आहे. बीकर आणि कारखाना यांच्यामधल्या दरीतच सगळे मरतात.

परभणीच्या ताईंच्या लातूरकर साहेबांकडे लक्ष द्या मंडळी. ते गुंतवणूकदार नव्हते, गिऱ्हाईक होते. बीकरवाली ताई, तो ‘गॅलक्सी ए५१’ कोण होता?

बीकरवाली | बुधवार, रात्री १०:१५

शोधला. नोंदणीच्या यादीतले नंबर एकेक लावत बसले, सतरावा लागला. इचलकरंजीत त्यांचं प्रोसेस हाउस आहे, कापड रंगवायचं. पुतण्याला कार्यक्रमाची लिंक कुणीतरी पाठवली होती, त्याने काकांच्या हातात फोन दिला. पंचगंगेच्या प्रदूषणावरून तिकडच्या रंगाईवाल्यांवर काय वेळ येते ते पेपरात वाचलं असेलच. त्यांचं पहिलं वाक्य:

‘मॅडम, ते निळं पाणी तुमच्या लॅबमधलं व्हतं का कुणाच्या हौदातलं?’

लॅबमधलं होतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये घातलेला शुद्ध रंग. तर म्हणाले, ‘आमच्या हौदात मीठ असतंय, खळ असती, सुताचा भुगा असतोय. तिथं चालवून दावा, मग बोलू.’

दीड वर्षात एकाही परीक्षकाने, मेंटॉरने, गुंतवणूकदाराने त्या मुलाला हा प्रश्न विचारला नव्हता. मीही नाही.

कोरड_घशाला | बुधवार, रात्री ११:४०

हे सगळं मेम्ब्रेनला ठीक आहे. मी औषधाच्या रेणूवर काम करते. माझं गिऱ्हाईक आठ-दहा वर्षांनी उगवणार, मध्ये प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या. मी कुणाचा हौद शोधू? आमच्यासारख्यांना गुंतवणूकदार लागतोच, आणि तो बहुधा पुण्या-मुंबईत नसतो. मला तरी ऑनलाइनशिवाय गती नाही. सरसकट ‘गिऱ्हाईक शोधा’ म्हणू नका.

डोंबिवली_ते_बॉस्टन | गुरुवार, सकाळी ९:१०

@कोरड_घशाला, बरोबर आहे, मीही जरा वाहवलो. रेणूला गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या औषध कंपनीचा तो विभाग जो बाहेरचे रेणू विकत घेतो. ती माणसं बहुतेक परिषदांना सापडतात, आणि व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं द्यायला तयार असतात, कारण तेच त्यांचं काम असतं. पैसे देणार नाहीत, पण कोणत्या चाचणीचा आकडा बघितल्याशिवाय पुढे जाणार नाही ते सांगतील. तोही एक हौदच.

बीकरवाली | शुक्रवार, दुपारी ३:००

पुढचा कार्यक्रम असा करतेय. चारच चमू. पेटंट अर्जाचा क्रमांक असल्याशिवाय मंच नाही. उद्घाटन नाही (यासाठी कुलसचिवांकडे दोनदा जाऊन आले, शेवटी ‘तांत्रिक बैठक’ असं नाव दिलं तेव्हा सुटका झाली). बोलावणं नावानिशी बारा-पंधरा जणांना, त्यातले निम्मे कारखाना किंवा शेती चालवणारे. दोन पानी टिपण आठवडाभर आधी, मराठीत आणि इंग्रजीत. सात मिनिटं बोलणं, पंचवीस मिनिटं प्रश्न. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला मी स्वतः फोन करणार. ‘स्टे इन टच’ची जबाबदारी त्यांच्यावर ठेवायची नाही.

सांजवात | शुक्रवार, दुपारी ३:४०

वाचनखूण साठवली आहे. ‘तांत्रिक बैठक’ ढापणार.

बीकरवाली | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:२०

धागा वर काढतेय, कारण दोन-तीन जणांनी व्यनि करून विचारलं.

‘तांत्रिक बैठकी’ला चौदांपैकी अकरा जण आले, शेवटपर्यंत नऊ. @मुळामुठा एका चमूशी पुन्हा दोनदा बोलले आहेत, पुढचं तेच सांगतील.

मेम्ब्रेनवाला मुलगा पंप, ड्रम आणि मॉड्यूल टेम्पोत घालून इचलकरंजीला गेला. मीही गेले. पहिले दोन तास स्वच्छ पाणी आलं, पोरगा हवेत. मग धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली. मॉड्यूल उघडलं तर आत खळीचा आणि सुताच्या भुग्याचा चिकट लगदा, साबुदाण्याच्या खिचडीसारखा. त्याचा चेहरा बघवेना. तेवढ्यात तिथला फोरमन जुन्या धोतराचा तुकडा घेऊन आला, चार घड्या करून पंपाच्या तोंडाला बांधला आणि म्हणाला, ‘आता लावा.’ संध्याकाळपर्यंत धार टिकली. पोरगा परत येताना टेम्पोत वहीवर आधीच्या गाळणीचं चित्र काढत होता.

मालकांनी पंधरा दिवसांच्या चाचणीचे अठरा हजार द्यायचं कबूल केलंय, बिलावर.

कलम_बेचाळीस | रविवार, रात्री ९:४५

अभिनंदन! बिल कुणाच्या नावाने काढलंत?

बीकरवाली | रविवार, रात्री ९:५८

तिथेच अडलंय. कंपनी अजून नोंदलेली नाही, पेटंट विद्यापीठाचं, सर म्हणतात मुलाला द्या, मुलगा म्हणतो फेलोशिप बंद होईल. शेवटी विद्यापीठाच्या नावाने घ्यायचं ठरलं, तर लेखा विभागाची टिपणी आली आहे: ‘सदर रक्कम कोणत्या शीर्षाखाली जमा करावी याबाबत मार्गदर्शन व्हावे.’ उद्या अकरा वाजता जातेय.